घराण्याची खाकर

फुलबाजारात उजाडायचं ते आधी भोंगाबाईच्या गळ्यात, मग आभाळात. करंड्या अजून गाड्यांवरून उतरत असायच्या, ओल्या पोत्यांचा आणि ताज्या तुटलेल्या देठांचा वास पत्र्याच्या छपराखाली साचलेला असायचा, आणि त्या वासाला चिरत तिची पहिली हाक यायची. झोपेत चालणारा हमाल ताठ व्हायचा. ओट्याखालची कुत्री उठून दुसऱ्या ओट्याखाली जाऊन झोपायची. फाटकापाशी चहा विकणारा म्हणायचा, त्या हाकेने माझ्या पेल्यांतला चहा सांडतो. पेला अर्धाच का भरतोस, असं कुणी विचारलं तर त्याला हे कारण बरं पडायचं.

भोंगा हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता सांगता येत नाही. बाजारातला प्रत्येक जण मीच ठेवलं म्हणतो. पाठीमागे भोंगा, तोंडावर भोंगाबाई. तिला त्याचा राग नव्हता. ती म्हणायची, "भोंगा कारखान्याला असतो, टपरीला नसतो."

तिचं काम लिलाव पुकारण्याचं. आम्ही शेतकरी फुलं आणणार, खाली व्यापारी गोळा होणार, आणि मध्ये ओट्यावर ती. करंडी पुढे आली की फुलाची जात सांगायची, देठाची लांबी सांगायची आणि बोलीला हात घालायचा. गुराखी जशी गुरं हाका मारत टेकडीवर नेतो तशी ती बोली वर वर नेत असे. एखादी बोली मध्येच बसकण मारायची, तिला टोमणा मारून उठवायची. "शेठ, हा गुलाब आहे. कोबीसारखा काय बघताय त्याच्याकडे?" शेठ लाजून एक पायरी चढायचे. आणि बोलीला खरोखरच धाप लागली, आता ही पुढे जात नाही असं दिसलं, की ती माल देऊन टाकायची.

देण्याची आमची तऱ्हा मात्र जगावेगळी. दुसऱ्या बाजारांत हातोडी आपटतात, घंटा वाजवतात, तीन वार मोजतात. आमच्या बाजारात गळा खाकरतात.

झालं होतं असं. भोंगाबाईच्या आधी तिचे सासरे त्याच ओट्यावर पुकारायचे. दाढेत तंबाखू आणि छातीत कफ. माल द्यायची वेळ आली की ते आधी घसघशीत खाकरायचे आणि मग म्हणायचे, "दिला!" व्यापारी घाईचे. हळूहळू ते नुसती खाकर ऐकूनच करंडीला हात घालू लागले. सासऱ्यांनी हे पाहिलं आणि "दिला" म्हणणं सोडून दिलं. शब्द फुकट कशाला खर्चायचा? उरली ती खाकर. ती झाली की माल गेला, मग देव खाली उतरून आला तरी परत नाही.

सासरे वारले तेव्हा मुलगा ओट्यावर चढला. त्याने तोंड उघडलं, समोर बघितलं, तोंड मिटलं आणि खाली उतरला. त्यानंतर त्याने घराला चिकटून पिठाची गिरणी टाकली. गिरणीत कुणी बोलायला सांगत नाही. मग सून चढली. भीतीने तिच्या घशाला कोरड पडली, पहिलीच बोली सुरू केली आणि तिला खाकरावं लागलं. खाली कुणीतरी करंडी उचलून चालायलाही लागलं! बाजार पोट धरून हसला आणि त्या हसण्यातच तिची नेमणूक झाली. सासूबाई पुढे कायम सांगायच्या, "लोकांच्या घरात सुनेला दागिने घालतात. आम्ही कफ घातला." पण सांगताना मान अशी वर करायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, कफच जास्त मोलाचा.

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग त्या गळ्याला काहीतरी झालं.

करंड्यांच्या पहिल्या रांगेला आवाज पितळेचा असायचा. तिसऱ्या रांगेला पत्र्याचा व्हायचा. शेवटच्या रांगेला पुठ्ठ्याचा. ओल्या पुठ्ठ्याचा. मग ती आणखी जोर लावायची, नरडीच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहायच्या, आवाज आणखी फाटायचा. आणि फाटला की गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. आणि अडकल्यासारखं वाटलं की माणूस काय करतो? खाकरतो.

इथे घोटाळा झाला. बोली नुकती कुठे रांगायला लागलेली, तेवढ्यात ओट्यावरून खाकर. माल गेला! पाच माणसं बोट वर करायच्या बेतात, पण करंडी पहिल्याने उचलली. हे सगळ्यांत आधी ओळखलं ते मुंगीशेठने. त्याला मुंगी म्हणायचे ते कण कण करत सगळं घरी नेतो म्हणून. तो ओट्याच्या अगदी पुढ्यात उभा राहू लागला. तिच्या गळ्याकडे टक लावून बघायचा. गळा हलला, आता ही खाकरणार असं दिसलं, की पटकन हलकीशी बोली टाकायचा आणि वाट बघायचा. माझी शेवंतीची एक करंडी त्याने अशी नेली की मला करंडीसुद्धा परत मिळाली नाही. मी ओट्यापाशी गेलो.

"भोंगाबाई, हे काय?"

"अहो, मी दिला नव्हता. मला खाकरावंसं वाटलं."

"मग मी मुंगीशेठला काय सांगू?"

मुंगीशेठ मागून म्हणाला, "सांगा की मन मोठं ठेव. गळा त्यांचा, नशीब माझं."

आम्ही शेतकरी चिडलो. सभापतींकडे गेलो. सभापती म्हणजे बाजार समितीचे मुख्य. त्यांना यंत्रांचा भारी नाद. त्यांच्या कचेरीतला पंखासुद्धा दुरून दाबायच्या बटणावर चालायचा आणि म्हणून बहुतेक बंद असायचा. त्यांनी कुठल्यातरी मोठ्या बाजारात दिव्यांची पाटी पाहिली होती. भाव पाटीवर धावतात, व्यापारी खुर्चीत बसून बटण दाबतात, कुणी ओरडत नाही. ते कधीपासून निमित्त शोधत होते आणि आम्ही ते ताटात वाढलं.

"वहिनी," ते भोंगाबाईला म्हणाले, "मी काही कठोर माणूस नाही. मोठा हंगाम सुरू होईपर्यंत तुमचा गळा सुधारला तर ओटा तुमचा. नाही तर पाटी."

"आणि मी?"

"तुम्ही आराम करा. आयुष्यभर ओरडलात."

आराम हा शब्द तिला शिवीसारखा लागला. ओटा म्हणजे तिचं सगळं होतं. ओट्यावर ती भोंगाबाई, खाली उतरली की गिरणीवाल्याची बायको.

मोठ्या दवाखान्यात नाक-कान-घशाच्या डॉक्टरने नळी घालून आत बघितलं. "गाठ नाही, जखम नाही," तो म्हणाला. "आवाज थकलाय."

"थकलाय तर झोपवा त्याला."

"झोपवून भागणार नाही. शिकवावा लागेल. त्याची वेगळी बाई असते, आवाजावर उपचार करणारी. इथे नाही, लांब राहते. फोनवर बघेल तुम्हाला."

"फोनवरून गळा बरा होतो?" भोंगाबाई म्हणाली. "मग जेवणही फोनवरूनच वाढा, माझा स्वयंपाक वाचेल."

पण ओटा डोळ्यांसमोर होता. ठरलेल्या दिवशी साखरेच्या डब्याला फोन टेकवला आणि ती त्याच्यासमोर बसली, फोटोला बसतात तशी. कडेला सासूबाई. फोनच्या पडद्यावर त्यांचा एकच कान आणि अर्धं नाक एवढंच मावत होतं. पलीकडे एक तरुण मुलगी उमटली. चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट, आवाज असा स्वच्छ की जणू धुऊन वाळत घातलेला.

"ताई, दिवसभरात किती बोलता?"

"मी बोलत नाही. मी ओरडते."

"आणि घरी?"

"घरीही ओरडते. भिंतीपलीकडे गिरणी आहे. तिच्यावरून ओरडल्याशिवाय नवऱ्याला ऐकू जात नाही."

"मग साधं बोलता कधी?"

सासूबाई कडेने म्हणाल्या, "माझ्याशी भांडताना."

त्या मुलीने ग्लासभर पाणी आणि प्यायची नळी आणायला सांगितली. नळीचं एक टोक पाण्यात, दुसरं ओठांत, आणि नळीतून नुसता ऊऽऽ सोडायचा. पाण्यात बुडबुडे आले पाहिजेत आणि आवाज एकसारखा राहिला पाहिजे. भोंगाबाईने सवयीप्रमाणे जोर लावला. अर्धा ग्लास साखरेच्या डब्यावर आणि उरलेला सासूबाईंच्या मांडीवर.

"हळू, ताई. गळा ढकलायचा नाही. श्वासाने वाहून न्यायचा."

ती पुन्हा पुन्हा करत राहिली. सासूबाई पदर पिळत म्हणाल्या, "म्हैस डबक्यात बसली की अस्साच आवाज येतो."

मग ओठ सैल सोडून घोड्यासारखे फडफडवायला सांगितलं. फर्रर्र, फर्रर्र. गिरणीवाला पिठाने पांढरा झालेला दारात आला. "कुणाची गाडी बंद पडलीय?"

मध्येच रेंज गेली. पडदा गोठला आणि ती शिकलेली मुलगी ओठांचा चंबू करून, डोळे अर्धे मिटून तशीच अडकून राहिली. सासूबाईंनी जवळ जाऊन तिला निरखून बघितलं. "दिसायला बरी आहे," त्या म्हणाल्या, "पण हिचं तोंड असंच राहिलं तर लग्न जमायचं नाही." तेवढ्यात रेंज आली होती. मुलगी म्हणाली, "जमलंय, आजी."

असे ते धडे सुरू झाले. आवाजाला विश्रांती म्हणून भोंगाबाई घरात कुजबुजत बोलू लागली, तर त्यावरही बंदी आली. कुजबुजताना गळ्यावर आणखी ताण येतो म्हणे. सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. त्यांच्या घरातला अर्धा कारभार कुजबुजीवर चालत होता.

"ओरडायचं नाही, कुजबुजायचं नाही. मग माणसाने बोलायचं तरी कसं?"

"साधं, आजी."

"साधं!" सासूबाई म्हणाल्या. "साधं आमच्या घरात आजवर कुणी बोललेलं नाही. आम्हाला कसं येणार?"

भिंतीवरून ओरडणंही बंद झालं. जेवायला हाक मारायची तर गिरणीत जाऊन, पट्ट्याच्या कडेने, नवऱ्याच्या कानापाशी तोंड नेऊन सांगायचं. पहिल्या दिवशी ती अशी गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाली, "अहो, जेवायला चला." तो माणूस पिठाच्या आत पांढराफटक पडला. त्याने गिरणी बंद केली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. जेवायला चला म्हणतेय."

"एवढ्या वर्षांनी इतक्या जवळ येऊन बोललीस," तो म्हणाला, "मला वाटलं कुणीतरी गेलंच." पण त्या दिवसापासून त्याला जेवायच्या वेळी पहिल्या हाकेला ऐकू येईनासं झालं. दोनदा, तीनदा कानाशी जावं लागायचं. गिरणी बंद असली तरी.

खरी गाठ पडली ती खाकरण्यावर. एक दिवस ती मुलगी म्हणाली, "ताई, आपण बोलायला बसल्यापासून तुम्ही कितीदा खाकरलात, माहीत आहे?"

"खाकरणं कोण मोजतं?"

"मी मोजत होते. माझी बोटं संपली." आणि तिने दोन तळवे समोर धरून एकमेकांवर आपटले. "गळ्यात अशा दोन नाजूक पट्ट्या असतात. खाकरलं की त्या अशा आपटतात. सुजतात. सुजल्या की अडकल्यासारखं वाटतं, आणि मग पुन्हा खाकरावंसं वाटतं. हे थांबलं नाही तर बाकीचं सगळं व्यर्थ. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्या आणि गिळा."

भोंगाबाई हसली. "मॅडम, बाकी सगळं सोडते. पण ती खाकर नाही हो, ती माझी सही आहे." आणि तिने सगळी हकीकत सांगितली.

मुलगी ऐकत राहिली. तिला आधी हसू आलं, मग ते गेलं. "म्हणजे रोज जितक्या करंड्या, तितक्या खाकरी?"

"जास्तच. काही आपोआप येतात."

"मग तुमचा गळा अजून शाबूत आहे हेच नवल. दुसरं काहीतरी शोधा, ताई. हे बंद करावंच लागेल."

आता सासूबाई पडद्यात पूर्ण आल्या. "अहो बाई, त्यांचे कपडे वाटून टाकले. त्यांची खाट मोडली, तिच्या लाकडांवर चूल पेटवली. त्यांची एवढी एकच वस्तू शिल्लक आहे या घराण्यात, तीही गिळून टाकायची म्हणता?" आणि त्या उठून आत गेल्या. पलीकडच्या मुलीने चष्मा काढला आणि ती तो पुसत बसली.

सासूबाईंनी अबोला धरला, तरी भोंगाबाईने खाकरणं सोडलं. बुडबुडे, फडफड, ओठ मिटून गुणगुण, हे सगळं चालूच होतं. श्वास पोटातून घ्यायचा, हाक त्याच्यावर बसवून सोडायची, हे तिला हळूहळू जमत गेलं. आम्हाला कळायला लागलं. तिसऱ्या रांगेलाही पितळ टिकत होतं. शिरा दिसत नव्हत्या. आवाज आधीसारखा अंगावर येत नसे, पण शेवटच्या करंडीपर्यंत पोचत असे, पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं तसा.

फक्त माल देता येईना.

पहिल्या दिवशी ती बोली संपल्यावर घोटभर पाणी प्याली. बाजार तिचं पाणी पिणं बघत राहिला आणि बोली चालूच राहिली. खाकर नाही म्हणजे माल गेला नाही, एवढं साधं गणित. दोन व्यापाऱ्यांनी गुलाबाच्या एका करंडीवर एकमेकांना असं चढवलं की दोघंही घामाघूम झाले. ती पाणी प्याली, पुन्हा प्याली, तांब्या संपला. शेवटी एकाची बायको आली आणि त्याला हाताला धरून घेऊन गेली, तेव्हा दुसऱ्याला माल मिळाला. आम्ही शेतकरी खूश. "भोंगाबाई," आम्ही म्हणालो, "जन्मात खाकरू नका."

व्यापारी मात्र उसळले. मुंगीशेठ म्हणाला, "आधी बोली चढायच्या आधीच देत होती, आता तांब्या संपला तरी देत नाही." तिने हातोडी आणली, तर खोकी ठोकायच्या हातोड्या बाजारात चारी बाजूंनी वाजतच असतात, तिची कुणाला वेगळी ऐकू येईना. "दिला" म्हणून बघितलं, तर व्यापारी म्हणाले, "ते ठीक आहे, पण खाकर कुठे?" सवय म्हणजे सवय. सभापतींनी पाटीची माणसं मापं घ्यायला बोलावली. ती माणसं ओट्याच्या कडेने फीत धरून फिरू लागली आणि भोंगाबाई त्यांच्या डोक्यांवरून लिलाव पुकारू लागली.

"मला तो बाजार एकदा दाखवा," फोनवरची मुलगी म्हणाली. "मी बघितल्याशिवाय मला काही सुचायचं नाही."

फोन धरणार कोण? सासूबाई बोलत नव्हत्या, पण बाजाराला यायला तयार झाल्या. त्यांनी ओट्यावर सुनेच्या बाजूला उभं राहून फोन छातीशी दोन्ही हातांनी धरला, तोंड बाजाराकडे. सगळं नीट ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केलेला. वर पत्रा, खाली माणसं, आणि मधोमध फोनमध्ये ती चष्म्यातली मुलगी. व्यापारी तिला हात हलवून दाखवत होते.

त्या दिवशी लिलीची एक करंडी आली होती. आमच्यातल्याच एका म्हातारीने वर्षभर सावली धरून वाढवलेली, कळ्या अजून हिरवट, देठ हातभर. असा माल वर्षातून एकदा येतो. भोंगाबाईने श्वास घेतला आणि हाक सोडली. ती हाक मला अजून आठवते. जोर नाही, ताण नाही, नुसती वाहत गेली. मुंगीशेठने आपली नेहमीची मुंगीएवढी बोली टाकली. बाकीचे हसले, बोटं वर करायच्या तयारीत.

आणि फोनवरची मुलगी खाकरली.

त्या बिचारीचाही काय दोष! तीही सकाळपासून लोकांच्या गळ्यांशी बोलत बसलेली. तिचाच गळा थकला होता. पण आवाज मोठा केलेला, फोन ओट्यावर, आणि खाकर अशी खणखणीत की सासऱ्यांनाही समाधान वाटलं असतं. सगळ्या बाजाराच्या तोंडून एकदम बाहेर पडलं, "दिला!"

मुंगीशेठने करंडीवर झडप घातली. म्हातारीने दुसरी बाजू धरली.

"सोड! ही खाकर हिची नाही!"

"खाकर ओट्यावरून आली!"

"फोनातून आली!"

"फोन ओट्यावर होता! कुणाची खाकर असा नियम कुठे आहे? दाखवा मला नियम!"

फोनमधून बारीक आवाज येत होता, "मी काय केलं? ताई, मी काय केलं?" तिला कुणी सांगेना. शेतकरी एकीकडे, व्यापारी दुसरीकडे, मध्ये लिली. सभापती पाटीच्या माणसांना बाजूला सारत आले आणि म्हणाले, नियम बघावा लागेल. पण नियम कुठे लिहिलेलाच नव्हता.

मग सासूबाई बोलल्या. इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतरचं ते पहिलं वाक्य.

"आमच्या ह्यांची खाकर त्यांच्याबरोबर गेली," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्याशेजारी झोपलेय, मला ओळखता येते. नंतरचा सगळा नुसता कफ होता. कफावर कुणी माल नेत असेल तर त्याने तोही घेऊन जावा."

बाजार हसला, मग पुन्हा भांडू लागला. आता आणखी जोरात. भोंगाबाईने दोनदा "ऐका" म्हटलं. पूर्वी एका हाकेत तिने सगळ्यांचे कान लाल केले असते. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने श्वास भरला, शिरा क्षणभर उभ्या राहिल्या, तोंड उघडलं. आणि मिटलं. ओरडली नाही. वैतागून तिने सगळ्या बाजाराकडे पाठ फिरवली.

असं कधी घडलं नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही तिचं तोंडच बघितलं होतं. तिची वेणी एवढी पातळ झालीय, पाठ खांद्यापाशी थोडी वाकलीय, हे कुणाला माहीतच नव्हतं. ही निघाली की काय, असं वाटून पुढचे गप्प झाले, पुढचे गप्प झाले म्हणून मागचे. हमाल थांबले. हातोड्या थांबल्या. छपरावर चिमण्या ऐकू येऊ लागल्या.

ती तशीच उभी राहिली. मग तिला ती शांतता कळली असावी, कारण मानेवरून तिने हळूच मागे बघितलं. वळली. आणि ओट्यावर उभी राहून, आयुष्यात पहिल्यांदा, साध्या आवाजात बोलली.

"लिलीची बोली पहिल्यापासून. मी पाठ फिरवली की माल गेला. तोवर कुणीही खाकरा, शिंका, मरा."

"हा कुठला नियम?" मुंगीशेठ म्हणाला.

"नियम आता झाला. तुम्हाला दिसला नाही?"

बोली पुन्हा लागली. या वेळी कुणी इकडेतिकडे बघेना. सगळ्यांचे डोळे तिच्यावर, कारण पाठ काही ऐकू येत नाही, ती बघावी लागते. म्हातारीची लिली चढत चढत अशा जागी गेली की मुंगीशेठला टोपी काढून वारा घ्यावा लागला. तरी त्याने सोडली नाही, हट्टाला पेटला होता. भोंगाबाईने त्याच्याकडे बघितलं, आणखी कुणी आहे का बघितलं, आणि ऐटीत, पदर सावरत, पाठ फिरवली.

"दिला!" बाजार म्हणाला.

मुंगीशेठचा चेहरा बघण्यासारखा होता. "माल दिला तो दिला," तो म्हणाला, "पण मला पाठ दाखवते?"

"माल गेला," भोंगाबाई न वळता म्हणाली. "आता तुमचं तोंड कशाला बघू?"

फोनवरची मुलगी हसत सुटली आणि हसता हसता पुन्हा खाकरली. कुणी हललंही नाही. सासूबाईंनी फोन स्वतःकडे वळवला. "पोरी, पाणी पी. घोटभर. गिळ."

मोठ्या हंगामाच्या पहिल्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. भोंगाबाईने पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकटीने पुकारलं. शेतकऱ्यांनी एक नवी खोड काढली होती. आपल्या करंडीची बोली चढत असताना ते तिला पाठ फिरवू देत नव्हते, काहीबाही विचारून तोंड आपल्याकडे ठेवायचे. व्यापारी ओरडायचे, वळा वहिनी, वळा! ती दोघांनाही खेळवायची. अर्धी वळायची आणि थांबायची. तेवढ्यात आणखी एक बोट वर यायचं.

शेवटची करंडी गेली तेव्हा आवाज पितळेचाच होता. सभापती हे सगळं कचेरीच्या दारातून बघत होते. ते ओट्यावर चढले, घसा साफ केला, आणि कुणी "दिला" म्हणेल म्हणून जरा घाबरून थांबले. कुणी म्हणालं नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "पाटीचं पुढच्या हंगामात बघू. पण माझं मत असं आहे की यंत्र हे शेवटी यंत्र असतं, आणि माणूस हा शेवटी माणूस असतो, आणि या दोन्हींचा जर नीट विचार केला तर..."

भोंगाबाईला तहान लागली होती. तांब्या मागे ठेवलेला. ती वळली.

सगळ्या बाजारातून एकच आरोळी उठली, "दिला! सभापती दिला!"

"कुणाला दिला हो?" म्हातारीने विचारलं.

सगळे मुंगीशेठकडे बघू लागले. त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मला नको," तो म्हणाला. "घरी ठेवायला जागा नाही."